दोन सैनिकांमध्ये अंतर किती? भाल्यापासून ड्रोनपर्यंत पायदळाची गोष्ट

नाशिककरांना तोफांचं काही नवल राहिलेलं नाही. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, फायरिंग चालू असलं की लांबून धप्प धप्प ऐकू येतं आणि लोक मिसळ खाताना मान पण वर करत नाहीत. ओझरला विमानांचा कारखाना आहे, त्यामुळे डोक्यावरून जेट गेलं तरी तेच. पण पायदळ, म्हणजे शेवटी ज्याला चालत जाऊन समोरची जागा ताब्यात घ्यावी लागते तो माणूस, त्याच्याबद्दल आपल्याला असलेली बरीचशी माहिती पिक्चरमधून आलेली असते. आणि पिक्चरमध्ये सगळे एकमेकांवर नुसते धावून जातात, पाच मिनिटांत कोण कोणाचा तेच कळत नाही. खरी लढाई अशी जवळपास कधीच होत नव्हती.

हा विषय प्रचंड आहे, चार-साडेचार हजार वर्षांचा, हत्यारांची यादी करत बसलो तर तुम्ही झोपाल. म्हणून मी एकच गोष्ट धरून सांगतो. शेजारी शेजारी असलेल्या दोन सैनिकांमध्ये किती अंतर आहे ते बघा. ढाल, भाला, बंदूक, मशीनगन, ड्रोन, सगळ्यांनी शेवटी हेच अंतर बदललंय. आणि अंतर वाढलं की दरवेळी एकच भानगड उभी राहते: घाबरलेला माणूस पळून का जात नाही? शेजाऱ्याचा खांदा लागलेला असताना तो पळत नाही, बरोबर, पण खांदा गेल्यावर काय?

सुरुवात एकदम दाटीपासून होते. आजच्या इराकमध्ये सुमेर लोकांचा एक कोरीव दगड सापडलाय, साधारण इ.स.पू. २४५० चा, सध्या पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे. त्यात सैनिक ढालीला ढाल लावून उभे आहेत आणि मधून भाले बाहेर आलेत. पुढे ग्रीकांनी हेच पक्कं केलं. त्यांची गोल ढाल जवळपास ९० सेंटिमीटरची, डाव्या हातात, तिचा अर्धा भाग स्वतःला आणि अर्धा डावीकडच्याला झाकणार, उजव्या हातात दोन-अडीच मीटरचा भाला, आणि अशा साधारण आठ रांगा एकामागे एक. याला फॅलँक्स म्हणतात. आता गंमत बघा, तुमची उजवी बाजू उघडी आहे आणि ती झाकणारी ढाल उजवीकडच्या माणसाची आहे, मग तुम्ही काय कराल, हळूच उजवीकडे सरकाल. सगळेच सरकतात. थ्युसिडिडीस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने इ.स.पू. ४१८ च्या मँटिनियाच्या लढाईबद्दल लिहिताना हे स्पष्ट सांगितलंय, की भीतीपोटी अख्खं सैन्य चालता चालता उजवीकडे झुकतं. मला हे वाक्य फार आवडतं कारण त्यात शौर्याची भाषणबाजी नाही, सरळ माणूस दिसतो.

त्याच लढाईत स्पार्टाचे लोक बासरीसारख्या वाद्याच्या तालावर हळूहळू पुढे सरकत होते. देवाधर्मासाठी नाही, पावलं एकत्र पडावीत आणि रांग फुटू नये म्हणून, हे पण त्यानेच लिहून ठेवलंय. मिरवणुकीत नाशिक ढोलचं पथक चाललेलं बघितलं असेल तर हे लगेच कळेल, ताशाने ठेका धरला की पन्नास जण कमरेला ढोल बांधून एका ओळीत सरकतात आणि एकाचा ताल चुकला की शेजारचा त्याच्यावर आदळतो. फॅलँक्समध्ये आदळणं म्हणजे फट, आणि फट म्हणजे मरण.

मॅसिडोनियाच्या लोकांनी मग भाला लांबवला, पाच-सहा मीटरचा सरिसा, दोन्ही हातांनी धरायचा, १६ रांगा खोल, पहिल्या पाच रांगांची टोकं समोर बाहेर आलेली. समोरून याला कोणी हात लावू शकत नव्हतं. पण जमीन सपाट पाहिजे. आणि इथेच रोमन आले, त्यांनी सैन्य छोट्या छोट्या तुकड्यांत तोडलं, तुकड्यांमध्ये मोकळी जागा ठेवली, प्रत्येकाला मोठी लांबट ढाल, फेकायचा भाला आणि आखूड तलवार दिली. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने याचा हिशोबच मांडलाय: रोमन सैनिकाला तलवार फिरवायला जास्त जागा लागते म्हणून एका रोमनासमोर फॅलँक्समधले दोन माणसं आणि १० भाल्यांची टोकं येतात. कागदावर रोमन मेला. प्रत्यक्षात इ.स.पू. १६८ ला पिडनाला फॅलँक्स खडबडीत जमिनीवर गेला, मध्ये फटी पडल्या, आणि रोमन तुकड्या त्या फटींतून आत घुसल्या. पाच मीटरचा भाला धरलेल्याच्या अंगाशी कोणी आखूड तलवार घेऊन आलं की तो भाला नुसता बांबू. मोकळी जागा ही कमजोरी न राहता फायद्याची ठरली ती बहुतेक इथूनच.

आपल्याकडे त्या काळात चतुरंग सेना, म्हणजे हत्ती, रथ, घोडे आणि शेवटी पायदळ, आणि मान पण त्याच क्रमाने. तरी आपला पायी धनुर्धर ग्रीकांच्या चांगला लक्षात राहिला होता. अलेक्झांडरबरोबर आलेल्यांनी लिहिलंय की भारतीयांचं धनुष्य माणसाएवढं उंच, त्याचं टोक जमिनीला टेकवून डाव्या पायाने दाबून ओढायचे आणि त्या बाणापुढे ढालही टिकत नसे आणि चिलखतही. पोरसशी लढाई झाली इ.स.पू. ३२६ ला, पावसाळी हवेत, झेलमच्या काठी, चिखलात ते धनुष्य नीट टेकवताच येईना. आपल्या पांडवलेणीत गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक कोरलंय, त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं. घोडे प्यायले म्हणजे मागून चालत गेलेल्यांनीही प्यायलंच असणार, पण राजाच्या लेखात त्यांना कोण विचारतो.

मधली हजारेक वर्षं मी पटकन उरकतो. युरोपात घोडेस्वार वरचढ झाला आणि पायदळ म्हणजे हाताला लागेल ते घेऊन उभा केलेला शेतकरी अशी अवस्था बऱ्याच ठिकाणी आली, मग १३०२ ला कोर्त्रैला फ्लँडर्सच्या शहरी लोकांनी सोटे आणि भाले घेऊन फ्रेंच सरदारांची घोडी अडवली, १३४६ ला क्रेसीला इंग्लिश धनुर्धरांनी तेच लांबून केलं, आणि स्विस लोकांनी लांब भाल्यांचे चौकोन परत आणले. दाट रांग परत आली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता बंदूक. भरतीची तयारी करणारा माझा भाचा मला एकदा म्हणाला, मामा, ते इंग्रज लाल कपडे घालून एका ओळीत उभे राहून गोळ्या खायचे, येडे होते का ते? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर बंदुकीच्या नळीत आहे. ती नळी आतून गुळगुळीत, गोळी तिच्यात सैल बसायची, त्यामुळे बाहेर पडताना कुठे जाईल याचा नेम नाही. शंभर मीटरच्या पुढे एका माणसाला टिपणं म्हणजे नशिबाचा खेळ. भरायला पण वेळ लागायचा, उभं राहून नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, तयारीचा शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. मग एकट्याने नेम धरण्यापेक्षा दोनशे जणांनी एकदम एकाच दिशेला बार काढला तर काहीतरी लागणारच, म्हणून ओळ. लाल कपडे का, तर काळ्या दारूचा धूर इतका व्हायचा की आपला कोण आणि परका कोण हे दिसायला हवं. लपण्यात फायदाच नव्हता.

आणि त्यांनी हे शिकवलं कसं, तर ड्रिल. १५९० च्या दशकात हॉलंडमध्ये मॉरिस ऑफ नासाव आणि त्याचे भाऊबंद जुनी रोमन पुस्तकं वाचत बसले होते, त्यातून त्यांनी काढलं की पहिल्या रांगेने बार काढून मागे जायचं आणि भरायचं, तोवर दुसरी पुढे, मग तिसरी, म्हणजे फायर थांबतच नाही. यासाठी बंदूक भरण्याच्या एकेका हालचालीला हुकूम ठरवला. आज परेड ग्राउंडवर जे सावधान-विश्राम चालतं त्याचे पणजोबा हे. अंतर अजूनही खांद्याला खांदा, पण आता धीर ढालीतून येत नाही, सवयीतून येतो. माणूस घाबरला तरी हात आपोआप पुढची कृती करतात, ही त्यामागची आयडिया, आणि ती चालली.

सुरुवातीला बंदूकवाल्यांच्या शेजारी भालेवाले उभे करावे लागायचे कारण भरताना घोडेस्वार अंगावर आला तर काय. मग संगीन आली, पहिली संगीन नळीच्या तोंडात खुपसायची म्हणजे ती लावली की बार काढता येत नाही, १६८९ ला स्कॉटलंडमध्ये किलिक्रँकीला या नादात सरकारी सैन्य कापलं गेलं. मग नळीच्या बाहेरून बसणारी संगीन आली, बंदूक आणि भाला एकाच माणसाच्या हातात, आणि भालेवाल्यांची नोकरी गेली. चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडणारी बंदूक आली तोपर्यंत बार पेटवायला जळती वात (तोडा) सांभाळायची कटकट पण संपली.

आता आपल्या भागाकडे येऊ, कारण हे सगळं वाचताना मला सारखा साल्हेर आठवतो. बागलाणातला साल्हेर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. १६७२ ला मुघलांनी त्याला वेढा घातला होता, तेव्हा कोकणातून मोरोपंत पिंगळे पायदळ घेऊन वर आले आणि दुसऱ्या बाजूने प्रतापराव गुजर घोडदळ घेऊन, आणि खालच्या मोकळ्या मैदानावर लढाई झाली. मराठे म्हणजे फक्त गनिमी कावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघावं, उघड्यावर, दिवसाढवळ्या, पायदळ आणि घोडदळ एकत्र. सभासदाच्या बखरीत चार प्रहर लढाई चालल्याचं वर्णन आहे, सूर्याजी काकडे इथेच जंबुऱ्याचा, म्हणजे छोट्या तोफेचा, गोळा लागून पडले.

पण मावळ्यांचं खरं वैशिष्ट्य मला हत्यारात दिसत नाही. ढाल, तलवार, पट्टा, विटा, कोकणातले हेटकरी बंदूकवाले, हे सगळं होतंच. वैशिष्ट्य रचनेत आहे. साधारण दहा माणसांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. डोंगरात, रात्री, दोराने कडा चढताना ओळ धरून कोण चालणार, तिथे दहा जणांच्या टोळीचा नाईकच निर्णय घेणार. युरोप तेव्हा अजून शेकडोंच्या ओळी लावत होता. हा नाईक पुढे परत लागणार आहे.

रामशेजचं उदाहरण मुद्दाम घेत नाही, तिथे १६८२ पासून पाचेक वर्षं मुघलांना झुंजवलं हे खरं, लाकडी तोफांची गोष्ट पण पेठ रोडला राहणारं पोरगंसुद्धा सांगेल, पण गडावर तटबंदीच तुमची रांग असते, त्यामुळे तो हिशोब वेगळा.

पानिपतला मात्र हा अंतराचा आणि शिस्तीचा मुद्दा जीवावर आला. १४ जानेवारी १७६१. इब्राहिमखान गारद्याचं पायदळ युरोपियन पद्धतीचं, कवायती, बंदुका आणि तोफा घेऊन डाव्या बाजूला उभं. योजना गोलाची, म्हणजे सगळ्यांनी आपापली जागा धरून एकत्र सरकायचं. गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली, आणि मग बहुतेक वर्णनांत असं येतं की विठ्ठल शिवदेव विंचुरकर आणि दमाजी गायकवाडांचे घोडेस्वार जागा सोडून पुढे गेले, गारद्यांच्या माऱ्याच्या आड आले, मार खाऊन मागे फिरले आणि गारदी उघडे पडले. विंचूर आपल्याच निफाड तालुक्यातलं, त्यामुळे दोष नेमका कोणाचा यावर आमच्याकडे आजही चहा गार होईपर्यंत वाद होतात. माझं मत विचाराल तर दोन वेगळ्या सवयींचं सैन्य एका ओळीत लावलं होतं, एकाला जागा धरायची सवय आणि दुसऱ्याला संधी दिसली की झेप घ्यायची, हे कुठेतरी तुटणारच होतं.

महादजी शिंद्यांनी यातून धडा घेतला आणि डी बॉइन नावाच्या युरोपियन अधिकाऱ्याकडून कवायती कंपू, म्हणजे ड्रिल शिकलेल्या पलटणी, उभे केले. १७९० ला मेडत्याला राठोडांचं घोडदळ जीव खाऊन आलं तेव्हा हे कंपू चौकोन करून उभे राहिले, चारही बाजूंना संगिनी, आणि टिकले. १८०३ ला २३ सप्टेंबरला असईला शिंद्यांच्या कंपूंविरुद्ध इंग्रजांच्या वेलस्लीने लढाई जिंकली खरी पण त्याचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले, पुढे वॉटर्लू जिंकलेला हा माणूस असईची आठवण शेवटपर्यंत काढायचा.

मग एकोणिसावं शतक, आणि इथे खरा बॉम्ब फुटतो. नळीच्या आत पेचदार खाचा पाडल्या की गोळी फिरत जाते आणि सरळ जाते हे लोकांना आधीपासून माहीत होतं, रायफल म्हणजे तेच, पण घट्ट गोळी ठासायला फार वेळ लागायचा. १८४० च्या दशकाच्या शेवटी मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने बुडाला पोकळ असलेली निमुळती गोळी काढली, टाकताना सैल, बार उडाला की फुगून खाचांत बसते. झालं, साध्या शिपायाचा पल्ला शंभरावरून तीन-चारशे मीटरवर गेला. १८५७ ची ती चरबीची काडतुसं याच पिढीच्या एनफिल्ड रायफलची. आता ओळीत उभं राहणं म्हणजे खरोखर येडेपणा, तरी अमेरिकेच्या यादवी युद्धात सुरुवातीला तेच केलं, सवय सुटत नाही ना.

पण माझ्या मते त्याहून मोठा बदल म्हणजे मागून भरायची बंदूक. १८६६ च्या युद्धात प्रशियाच्या, म्हणजे आजच्या जर्मनीकडच्या, शिपायांकडे ती होती आणि ऑस्ट्रियाच्या शिपायांकडे नव्हती. मागून भरता येतं म्हणजे आडवं पडून भरता येतं. हजारो वर्षं सैनिक उभा राहून लढला आणि आता तो झोपू शकत होता, मातीला चिकटून, एखाद्या दगडाआड. हे वाचायला किरकोळ वाटतं पण विचार करा, अधिकाऱ्याला आता त्याचे लोक दिसत नाहीत, हुकूम ऐकू जात नाही, आणि आडवा पडलेला माणूस परत उठून पुढे जायला तयार होईल याची गॅरंटी नाही. १८८० च्या दशकात धूर न होणारी दारू आली, मग लाल कपड्याचं कारणही गेलं. खाकी त्याआधीच आपल्याकडे, पेशावरच्या बाजूला लम्सडेनच्या गाइड्स पलटणीत १८४० च्या दशकात सुरू झाली होती, नंतर ती सगळ्या ब्रिटिश फौजेने उचलली.

१८८४ ला मॅक्सिम मशीनगन. मिनिटाला साधारण ६०० गोळ्या, म्हणजे गुळगुळीत नळीच्या बंदुकीवाले २०० शिपाई एका मशीनमध्ये. त्यात काटेरी तार आणि तोफखाना मिळवा. १ जुलै १९१६, पहिल्या महायुद्धातली सोमची लढाई, पहिल्या एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० लोक कामी आले किंवा जखमी झाले, त्यातले १९,२४० मेले. बहुतेक जण लाटेसारख्या ओळींनी चालत गेले होते. ओळ इथे संपली.

यातून सुटायचं कसं यावर सगळेच डोकं लढवत होते. लोखंडी टोप परत आला, १९१५ पासून, कारण वरून फुटणाऱ्या गोळ्यांचे तुकडे डोक्यात शिरत होते. तार उडवायला बंगळूरच्या मद्रास सॅपर्समधल्या (लष्करी इंजिनिअर पलटण) मॅक्लिंटॉकने १९१२ लाच स्फोटकं भरलेली लांब नळी काढलेली होती, बंगलोर टॉर्पेडो, ती तार उडवायला आजतागायत वापरतात. टँक आले. पण मुख्य उत्तर जर्मनांच्या स्टॉर्म ट्रूपने दिलं: दहा-बारा जणांच्या टोळ्या, हातबॉम्ब, हलकी मशीनगन, मजबूत जागा दिसली की तिच्याशी भांडत बसायचं नाही, बाजूने आत घुसायचं, मागचे येऊन तिचं बघतील. आणि टोळीचा निर्णय टोळीचाच नाईक घेणार, मागे विचारायला वेळ नाही.

दहा माणसं आणि एक नाईक. सांगितलं होतं ना परत लागेल.

आजचा इन्फन्ट्री सेक्शन पण दहा जणांचाच आहे, आपल्याकडे. त्यात एक एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, बाकी रायफल. तत्त्व एका ओळीत सांगता येतं: एक गट फायर करतो तेव्हा दुसरा हलतो, मग उलट. फायरचा उद्देश दरवेळी मारणंच नसतो, समोरच्याचं डोकं खाली ठेवणं पण असतो, तेवढ्यात तुम्ही वीस पावलं पुढे. दोन जवानांत पाच-दहा मीटर अंतर, कारण एका बॉम्बमध्ये दोघं जायला नकोत.

यात किती एकटेपण आहे ते नाईक यशवंत घाडगेंच्या लढाईत दिसतं. १० जुलै १९४४, इटली, पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते रायफल सेक्शनचे कमांडर होते. जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनमधला त्यांच्याशिवाय प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटे पळत गेले, बॉम्ब टाकून गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि मग लपून बसलेल्या नेमबाजांची गोळी लागून गेले. वय २२, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. ना खांद्याला खांदा, ना बघायला अधिकारी, ना ढोल.

रायफल पण याच हिशोबाने बदलली. दुसऱ्या महायुद्धात लक्षात आलं की बहुतेक मारामारी तीनशे मीटरच्या आत होते, मग हजार मीटर जाणारी जड गोळी कशाला वाहायची. जर्मनांनी मधल्या आकाराची गोळी काढली, मग रशियाची एके-४७, अमेरिकेची एम-१६. आपल्याकडे १९६२ ला .३०३ रायफल, नंतर ७.६२ मिलिमीटरच्या गोळीची एसएलआर, मग ५.५६ ची इन्सास, जिची गोळी आधीच्या निम्म्या वजनाची म्हणून दुप्पट नेता येते. आणि आता परत काही तुकड्यांना ७.६२ ची सिग दिलीय आणि अमेठीत एके-२०३ बनतेय, त्यामुळे हलकी की जड हा वाद मिटलाय असं कोणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

एक गोष्ट मात्र बदलली नाही ती म्हणजे पाठीवरचं ओझं. व्हेजिशियस नावाच्या रोमन लेखकाने लिहिलंय की नव्या शिपायाला ६० रोमन पौंड, म्हणजे जवळपास २० किलो, घेऊन चालायची सवय लावा, हत्यारं वेगळी. आजच्या जवानाचं ओझं त्यापेक्षा कमी नाही, उलट जास्तच भरतं. दरवेळी काहीतरी हलकं झालं की वाचलेल्या वजनात दुसरं काहीतरी भरलं जातं, बॅटऱ्या, रेडिओ, रात्री दिसायची दुर्बीण. चिलखतही परत आलं, बंदुकीपुढे निरुपयोगी म्हणून टाकून दिलेलं, १९६५ ला स्टेफनी क्वोलेक या बाईंनी केव्हलारच्या धाग्याचा शोध लावल्यावर.

आणि रेडिओचं महत्त्व लोक कमी लेखतात. पूर्वी खांदा, मग हुकूम, आता कानातला आवाज. शंभर मीटर लांब झाडामागे पडलेल्या पोराला "मी आहे इथे, तू सरक" एवढं ऐकू आलं तरी तो सरकतो.

सध्या युक्रेनमध्ये हे अंतर अजून ताणलं गेलंय. वर सतत ड्रोन, उघड्यावर दहा जण एकत्र दिसले की संपले, म्हणून दोन-दोन तीन-तीन जण, कधी पायी, कधी मोटारसायकलवर, खड्ड्यातून खड्ड्यात. रस्त्यांवर मासेमारीच्या जाळ्या टांगल्यात, ड्रोन अडकावेत म्हणून. रेडिओ जॅम केला तर ड्रोनला बारीक फायबरची तार जोडून सोडतात, ती मागे उलगडत जाते आणि तिला जॅम करताच येत नाही. त्यामुळे खंदकातल्या पोरांनी परत छर्र्याची बंदूक हातात घेतलीय, तीच जी आपल्याकडे शेतावर रानडुक्कर हाकलायला असते, कारण वीस-तीस मीटरवर अंगावर येणाऱ्या ड्रोनला एक नेमकी गोळी लागणं अवघड, मूठभर छर्रे लागू शकतात, आणि एकाने खंदक खोदताना दुसऱ्याने आभाळाकडे बघत बसायचं अशी ड्युटी लावतात.